बिननंबरची नोट

रऊफने नोट उन्हात धरली, एकदा सुलटी, एकदा उलटी, मग चष्मा कपाळावर ढकलून पुन्हा सुलटी, आणि त्याच्या तोंडून निघूनच गेलं, "या अल्ला! तीन हजार देतो!"

तिथेच सगळं बिघडलं. टेबलापलीकडची बाई पुढे झुकली, तिने त्याच्या चिमटीतून नोट काढून घेतली आणि सुरळी करून पदराच्या टोकाला गाठ मारून बांधून टाकली. नोट पाचशेची होती.

"पाचशेच्या खोट्या नोटीचे तीन हजार?" ती म्हणाली. "मले पागल समजता काय भाऊ?"

रऊफने मनातल्या मनात स्वतःच्या जिभेला चार शिव्या हासडल्या. हा त्याचा जुनाच रोग. धंद्यात बसून बावीस वर्षं झाली, दाढी अर्धी पांढरी झाली, पण आवडती वस्तू दिसली की चेहऱ्यावर ईदचा चांद उगवायचा आणि समोरच्याला तो आधी दिसायचा. बायको बिस्मिल्लाबी तर त्याला भाजी आणायलासुद्धा पाठवत नसे. भाजीवाली याच्या तोंडाकडे पाहूनच भाव चढवते, असं तिचं म्हणणं होतं.

धंदा तसा साधा होता. एक घडीचं टेबल, एक स्टूल, डिंकाची बाटली, पातळ कागदाच्या पट्ट्या आणि एक पाटी: 'फाटक्या, जळक्या, कुरतडलेल्या नोटा बदलून मिळतील.' अमरावतीच्या इतवारा भागातून तो निघायचा आणि आठवडाभर बाजार फिरायचा. आज इथे, उद्या तिथे, आणि या गोष्टीच्या दिवशी वरूडला. लोक नोटांचे तुकडे घेऊन यायचे, तो बट्टा म्हणून थोडे पैसे कापून चांगली नोट द्यायचा, तुकडे जोडून अमरावतीच्या बँकेत नेऊन भरायचा. नोटांवरून त्याला मुलखाची नाडी कळायची. कापसाला भाव मिळाला त्या वर्षी लोकांकडे कोऱ्या नोटा असत आणि त्याचं टेबल ओस पडे. गेली चार-पाच वर्षं मात्र टेबलाला उसंत नव्हती. चुलीमागच्या डब्यातल्या, दवाखान्याच्या चिठ्ठीत गुंडाळलेल्या, चार ठिकाणी शिवल्यासारख्या चिकटवलेल्या नोटा यायच्या. कोरी पाचशेची या टेबलावर येणं म्हणजे सणच.

आणि त्यात ही! डाव्या कोपऱ्यात नंबर नाही, उजव्या कोपऱ्यात नंबर नाही. बाकी सगळं जागच्या जागी.

धंद्यापलीकडे रऊफला एक नाद होता. छापताना चुकलेल्या नोटा तो जमवायचा. शाई फाकलेली, तिरपी कापलेली, मागची बाजू कोरीच राहिलेली. त्यासाठी त्याने स्वतःच्या लग्नाचा अल्बम रिकामा केला होता आणि बिस्मिल्लाबीने त्यावरून आठ दिवस अबोला धरला होता. अल्बममध्ये एकोणीस नोटा होत्या. विसावी जागा त्याने मुद्दाम मोकळी ठेवली होती, कारण अकोल्याच्या हसनैनकडे शंभराची अशी एक नोट होती, जिच्यावर नंबर एकाच बाजूला होता. हसनैन कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झालेला माणूस. ती नोट दाखवण्याआधी तो साबणाने हात धुवायचा, पाहणाऱ्यालाही धुवायला लावायचा, आणि वर म्हणायचा, "रऊफमियाँ, तुमच्याकडे असं काही?" सहा वर्षं रऊफ हे ऐकून घेत होता. दोन्ही बाजूंना नंबर नसलेली नोट आज त्याच्या हातात आली होती आणि बोलल्यामुळे गेली होती.

"बाई, बसा न जरा," तो म्हणाला. "खोटी नाही ते."

पदराच्या गाठीवरचा हात तसाच राहिला. "काय म्हनलं?"

"खोटी नाही. सोळा आणे खरी हाय. तार हाय, गांधीजी हाय, कागद सरकारचा. छापनाराचा हात चुकला, नंबर मारायचा राहून गेला. म्हनून तं तीन हजार."

ती स्टुलावर बसली आणि रडायला लागली. मोठ्याने नाही, पण पदर तोंडाशी धरून, पुष्कळ दिवस आवरून धरलेलं एकदम सुटावं तशी. शेजारची बांगडीवाली मान वळवून पाहू लागली. रऊफ गांगरला. तीन हजार म्हटल्यावर रडणारं माणूस त्याने पाहिलं नव्हतं. त्याने तिच्यापुढे पाण्याची बाटली सरकवली.

पाणी पिऊन झाल्यावर तिने सांगितलं. नाव पार्बताबाई. संत्र्याच्या शेडात प्रतवारीच्या कामाला, म्हणजे ढिगातून फळ उचलायचं, एकदा फिरवून पाहायचं आणि मोठं, मधलं, बारीक, डागी अशा चार पेट्यांत टाकायचं. चौदा वर्षं तेच काम. शेत होतं पाच एकर, कोरडवाहू, पण घरातली चूल पेटायची ती संत्र्यावर. दोन बाजारांमागे ठेकेदार गोवर्धनने आठ दिवसांची मजुरी वाटली. तिला पाचशेची एक कोरी नोट आणि वर साठ रुपये मिळाले. संध्याकाळी किराणावाल्याने नोट पाहिली आणि काउंटरवर टाकून दिली. नंबर नाही, खोटी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेडात परत घेऊन गेली, तर गोवर्धन सगळ्या बायांसमोर म्हणाला, रातून घरी नेऊन बदलली आणि आता माझ्या माथी मारून राहिली.

"आन म्हने, खोट्या नोटा चालवनारी बाई माह्या शेडात नाही पायजे," पार्बताबाई म्हणाली. "दोन हप्ते झाले, घरी बसली मी. रस्त्यानं चाललं तं बाया आपसात पाहतेत."

"कोनी बोललं नाही तुमच्याकडून?"

"जमुना माह्या मांगंच उभी होती. तिनं पाह्यलं होतं. ते बी नाही बोलली."

हे सांगताना तिचा आवाज पुन्हा हलला. गोवर्धनपेक्षा हे जास्त लागलं होतं हे रऊफला दिसलं.

कापसाचे भाव पडलेल्या त्या वर्षांत गावोगाव पांढऱ्या गाड्या यायच्या. मुंबई-दिल्लीकडची माणसं उतरायची, छापील फॉर्म काढायची आणि घरोघर विचारायची, काही अडचण आहे का. पार्बताबाईच्या दारातही दोनदा येऊन गेली होती. तिची अडचण कोणत्याच रकान्यात बसत नव्हती.

"मंग द्या न मले ते नोट," रऊफ म्हणाला. "हे घ्या तीन हजार. गोवर्धनच्या तोंडावर फेका त्याचे पाचशे."

"अन् नोट तुमच्यापाशी राह्यली तं माह्यापाशी काय राह्यलं?" ती म्हणाली. "तो काय म्हनन? पाहा, खपवली कुठंतरी. अजून बी कोनाच्या गळ्यात मारली. नाही भाऊ. आधी तुमी चाला."

"कुठं?"

"शेडात. तुमी आता जे मले सांगतलं, ते तिथं सगळ्यायच्या समोर सांगा. खरी हाय म्हना. मंग नोटीचं बोलू."

रऊफने बाजाराकडे पाहिलं. ऐन भरात होता. त्याच्या टेबलासमोर दोघं जण मुठीत काहीतरी घेऊन उभे होते. शहाण्या माणसाने सांगितलं असतं, बाई, माझ्या पोटावर पाय देऊ नका. पण त्याला अल्बममधली विसावी जागा दिसत होती, आणि हसनैनचा पडलेला चेहराही. खरं सांगायचं तर बाईचं रडणंही त्याच्या काळजात जाऊन बसलं होतं. त्याने टेबलाची घडी केली, बांगडीवालीच्या दुकानाआड लावली आणि पैशांची पिशवी काखेत मारली.

रस्त्याने ट्रॅक्टर चालले होते, मागे संत्र्याचे ढीग आणि ढिगावर बसलेली माणसं. पार्बताबाई झपाझप चालत होती आणि रऊफ मागून धापा टाकत.

"भाऊ," ती मध्येच थांबून म्हणाली, "एक सांगू? तिथं मी विचारल्याशिवाय भाव नाही सांगायचा."

"नाही सांगत."

"अन् विचारला का मोठ्यानं सांगायचा. शेडात पंखा हाय, आवाज होते."

"बरं."

"तुमच्या तोंडातून आधीच निंगून जाईन म्हनून म्हनलं."

दहा मिनिटांची ओळख, आणि बाईने बिस्मिल्लाबीचं म्हणणं तंतोतंत सांगितलं. रऊफने मुकाट्याने मान हलवली.

शेड म्हणजे चार खांबांवरचे पत्रे. मधोमध संत्र्याचा ढीग, भोवती वीसेक बाया गोल करून बसलेल्या, प्रत्येकीच्या हाताशी पेट्या, कडेला तणसाचा भारा. फळांचा वास इतका दाट होता की रऊफला आधी एक शिंक आली. गोवर्धन प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मोबाईलवर नागपूरच्या आडत्याशी भांडत होता. तो काही दुष्ट माणूस नव्हता. बायांना दिवाळीला पातळं द्यायचा, कुणाचं लेकरू आजारी असलं तर आपल्या गाडीवर दवाखान्यात न्यायचा. पण आपण चुकलो असं म्हणायची वेळ आली की त्याचा घसा बसायचा.

पार्बताबाईला पाहून बायांचे हात थांबले. गोवर्धनने मोबाईल खाली घेतला.

"काहून आली वो? म्यां काय सांगतलं होतं?"

"या भाऊले आनलं," ती म्हणाली. "अमरावतीचे होय. जिंदगी नोटायमंदी गेली यायची. काय म्हनते ते ऐका, मंग चालली मी."

रऊफला लोकांसमोर बोलायची सवय नव्हती, पण विषय नोटेचा होता. पार्बताबाईने पदराची गाठ सोडून नोट दिली आणि त्याने ती दोन बोटांत, फक्त कडांना धरली. तार कशी चमकते ते दाखवलं. उजेडाकडे धरून कागदातला चेहरा दाखवला. नखाने अलगद खरखर ऐकवली. मशीनवर हजारो ताव जातात, एखाद्यावर नंबर न पडता तो तसाच पुढे सरकतो, तपासणाऱ्याच्या नजरेतूनही सुटतो आणि पाकिटात बसून बँकेत येतो, हे त्याने इतक्या प्रेमाने सांगितलं की दोन-तीन बाया फळ हातात धरून ऐकतच राहिल्या.

"नोट खरी हाय," तो शेवटी म्हणाला. "माह्या बापानं छापली असती तरी इतकी खरी नसती."

बाया हसल्या. गोवर्धन नाही हसला.

"असंन खरी," तो म्हणाला. "म्यां कुठं नाही म्हनलं? पन म्यांच देली कशावरून? पाच दुकानं फिरली असंन ते. नंबर असता तं बंडलासंगं ताडून पाह्यला असता. नंबरच नाही, तं मी काय करू?"

पंखा खडखडत होता. गोलात डावीकडे बसलेल्या जमुनाने मान आणखी खाली घातली आणि एकच संत्रं दोनदा फिरवून पाहिलं. रऊफला वाटलं, झालं, बाईचं काम बिघडलं.

पार्बताबाई मात्र शांत होती. तिने नोट परत घेतली, नीट घडी न पाडता पदरात ठेवली.

"बरं," ती म्हणाली. "तुमची नाही म्हनता तं नसन तुमची. भांडन नाही आपलं. चाला भाऊ. हां, जाता जाता एक सांगा. या नोटीचे किती देनार होते तुमी मले?"

"तीन हजार," रऊफ म्हणाला.

"मोठ्यानं सांगा. पंखा हाय."

"तीन हजार!"

वीस बायांच्या तोंडून एकदम "आँ?" असा आवाज निघाला. कोपऱ्यातली म्हातारी वच्छला कानामागे हात नेऊन म्हणाली, "किती म्हने?" आणि तिच्या शेजारणीने तिला तीन बोटं दाखवली.

"रोख?" गोवर्धनने विचारलं.

"रोख," रऊफ म्हणाला आणि काखेतल्या पिशवीवर थाप मारली.

गोवर्धन खुर्चीतून उठला. मोबाईलवर आडत्या अजून हॅलो हॅलो करत होता, तो त्याने खिशात घातला.

"पार्बताबाई, थांब वो जराशी. दाखव बरं ते. काय हाय, त्या दिवशी म्यां घाईत पाह्यली." तिने पदरातली नोट वर धरली, त्याने ती लांबूनच पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अरे बाप्पा! हे तं माह्याच बंडलातली! आता आठवलं. त्या दिवशी बँकेतून कोरं बंडल आनलं होतं, तुले पाचशेची देली, बाकीच्यायले शंभराच्या देल्या. माह्या या हातानं देली. देली का नाही? ए जमुना, तू तं मांगंच उभी होती. सांग न!"

जमुनाने मान वर केली. ती गोवर्धनकडे नाही, पार्बताबाईकडे पाहत होती.

"हाव," ती म्हणाली. "मांगंच होती मी. तुमीच देली. म्यां आपल्या डोयानं पाह्यली."

"पाहा! साक्षीदार हाय." गोवर्धनने खिशातून पाचशेची नोट काढून पुढे केली. "हे घे. नंबरवाली, दोन्ही बाजूनं. आन ते इकडं."

"एकडाव अजून सांगा," पार्बताबाई म्हणाली. "मजुरीची म्हनून देली न?"

"मंग काय देनगी देली काय? मजुरीचीच. आठ दिवसाची."

"घरी नेऊन बदलली नाही न म्यां?"

"नाही वो बाई, नाही. कोन म्हनते?"

"तुमीच म्हनत होते."

"रागात निंगून जाते मानसाच्या तोंडातून. नाही बदलली. बास?"

पार्बताबाईने नोट परत सुरळी करून पदराच्या टोकात ठेवली. मग पदराची गाठ बांधली, घट्ट, दोनदा.

"मंग ते माही मजुरी झाली, गोवर्धनभाऊ. आठ दिवस राबली मी तिच्यासाठी. देलेली मजुरी कोनी वापस मांगते काय?"

पाचशेची नोट धरलेला गोवर्धनचा हात तसाच हवेत राहिला. तो एकदा रऊफकडे, एकदा जमुनाकडे, एकदा आपल्याच हाताकडे पाहू लागला. आता 'माझी नाही' म्हणायची सोय उरली नव्हती, वीस जणींनी ऐकलं होतं आणि साक्षीदार त्यानेच उभा केला होता. आधी हसली ती वच्छला. दात नसलेल्या तोंडाने ती अशी काही हसली की तिच्या मांडीवरची फळं घरंगळत गेली, आणि मग सगळं शेडच हसायला लागलं. रऊफला इतक्या उशिरा उमगलं की रस्त्यात बाई पंख्याचं कशासाठी सांगत होती. त्याने आपल्या दाढीवरून हात फिरवला आणि मनात म्हणाला, सुभानल्ला, हिला भाजी आणायला पाठवायला पाहिजे.

"ठेवा ते खिशात, भाऊ," वच्छला गोवर्धनला म्हणाली. "हात दुखन."

गोवर्धनने नोट खिशात घातली. थोडा वेळ त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं, पण हसणाऱ्या वीस बायांसमोर रागावून तरी किती वेळ बसणार? शेवटी त्यालाही हसू फुटलं.

"लई हुशार झाली वो तू," तो म्हणाला. "ये उद्यापासून कामाले."

"उद्या काहून? दुपार तं बाकी हाय अजून."

ती चप्पल काढून ढिगाकडे गेली. कोणाला सरक म्हणायची वेळच आली नाही. जमुनाने आपल्या पेट्या उचलून बाजूला घेतल्या होत्या आणि मधे एका बाईपुरती जागा झाली होती. पार्बताबाई तिथे बसली.

"नाही बोलली मी त्या दिवशी," जमुना खाली पाहत म्हणाली. "भ्याली."

"ठाऊक हाय मले," पार्बताबाई म्हणाली. "सरक अजून थोडी, मांडी मावत नाही."

जमुना सरकली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते लपवतही नव्हती.

रऊफ घसा साफ करून पुढे झाला. "पार्बताबाई, मंग नोटीचं..."

"देतो न भाऊ. हे बाया पाह्यतीन आधी." तिने गाठ सोडली आणि नोट जमुनाच्या हातात दिली. "पाह्य. हे खोटी म्हनत होते माही."

जमुनाने नोट घेतली. आणि रऊफचा जीव टांगणीला लागला. सकाळपासून संत्री हाताळलेले हात! सालाच्या तेलाने पिवळे, चिकट. कोऱ्या नोटेची किंमत कोरेपणात असते, हे त्याला या बायांना ओरडून सांगावंसं वाटलं. हसनैनने तर हे पाहून छातीला हात लावला असता. जमुनाने नोट उजेडाकडे धरली, अंगठ्याने कोपरा चोळून पाहिला, जिथे नंबर असायला हवा होता अगदी तिथेच, आणि पुढचीला दिली. दोनशे गेले, रऊफ मनात म्हणाला. पुढचीने उलटी करून पाहिली. आणखी शंभर गेले. तिसरीने घडी घातली.

"अहो, घडी..." तो म्हणाला आणि थांबला.

कारण नोट हातात आली की प्रत्येक बाई आधी नोटेकडे आणि मग पार्बताबाईकडे पाहत होती. कोणी म्हणत होती, "खरीच हाय वो." कोणी नुसतीच मान डोलवत होती. एक तरुण पोरगी म्हणाली, "मावशी, मले माफ करजा, मी बी हसली होती." आणि पार्बताबाई फळं निवडता निवडता प्रत्येकीला "हाव, हाव" म्हणत होती. तिचा चेहरा उजळला होता. रऊफ एका उपड्या पेटीवर बसला. मग त्याने किती गेले हे मोजणं सोडून दिलं. नोट गोलभर फिरली, वच्छलाच्या थरथरत्या हातांत सगळ्यांत जास्त वेळ राहिली, आणि अर्ध्या तासाने परत पार्बताबाईकडे आली.

तिने ती हातात घेऊन पाहिली. फळ पाहायची तशीच, वळवून, कडेने नजर टाकून, अंगठा फिरवून.

"डाग पडला," ती म्हणाली.

"पडू द्या."

"घडी बी पडली. भाव उतरला असंन."

"नाही उतरला," रऊफ म्हणाला.

पार्बताबाईने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला हसू आलं. "भाऊ, तुमच्यानं खोटं बोलनं होत नाही. तुमी कायले प्रयत्न करता? अडीच हजार द्या."

"तीन म्हनलो, तीन घ्या. जबान देली म्यां."

"तवा माल डागी नव्हता."

"मले तसाच पायजे. डागासंगट पायजे."

हे तो बोलून गेला आणि बोलल्यावर त्याला कळलं की ते खरं आहे. हसनैनला तो नोट दाखवील तेव्हा पिवळा डाग पाहून तो नाक मुरडेल. मुरडू दे. साबण बाजूला ठेव म्हणावं, आणि बस इथे, सांगतो कोणाकोणाचे हात लागले ते.

"पायजे तं न्या," पार्बताबाई म्हणाली. "पन चौदा वर्षं झाली मले. डागी फळ म्यां पहिल्या पेटीत टाकलं नाही, गोवर्धनले विचारा. अडीच. नाही तं राहू द्या."

"घे न वो तीन!" खुर्चीतून गोवर्धन कळवळून ओरडला. "तो देऊन राह्यला न!"

"तुमी आडत्याले फोन करा," ती म्हणाली, आणि शेड पुन्हा हसलं.

रऊफने पिशवी उघडली. अडीच हजार मोजून तिच्या पुढ्यात धरले, त्यातल्या चिकटपट्टीच्या दोन नोटा तिने बाजूला काढून बदलून मागितल्या आणि त्याने त्या बदलून दिल्या. बट्टा अर्थातच घेतला नाही. पाचशेची नोट त्याने दोन कोऱ्या कागदांच्या मधे ठेवली आणि ते कागद सदऱ्याच्या आत, छातीशी घातले.

"येतो, बाई," तो म्हणाला.

"जा लवकर. तुमचा बाजार उठून जाईन," पार्बताबाई म्हणाली. पैसे तिने कमरेला खोचले होते आणि ती बोलताना त्याच्याकडे पाहतही नव्हती. तिचे दोन्ही हात ढिगात होते, आणि फळं एकामागून एक आपापल्या पेटीत पडत होती.